एरर शून्य, वॉर्निंग तीन



मागच्या पाठात आपण पॉइंटरची बेरीज-वजाबाकी पाहिली. आज त्याच धाग्याला धरून, तुम्ही ज्याच्याकडे हमखास दुर्लक्ष करता त्याबद्दल बोलायचं आहे. कंपायलरच्या वॉर्निंग्ज. प्रॅक्टिकलच्या तासाला फेरी मारताना मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मॅडम झालं, एरर झीरो!" मग मी विचारते, वॉर्निंग किती? उत्तर येतं, "तीन आहेत, पण त्या काय, चालतं."

चालतं हे खरं आहे. टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्यावर कंपाइल केलं की मध्ये एक चौकोन येतो. त्यात ओळी किती, वॉर्निंग्ज किती, एरर किती हे लिहिलेलं असतं आणि खाली ‘सक्सेस, प्रेस एनी की’. आपली नजर थेट ‘सक्सेस’वर जाते. कुठलं तरी बटण दाबलं की वॉर्निंगचा आकडा नाहीसा होतो, आणि आपल्या डोक्यातूनही जातो.

एरर म्हणजे, तुम्ही लिहिलेलं कंपायलरला कळलंच नाही. वॉर्निंगचं तसं नसतं. तिथे त्याला कळलेलं असतं, फक्त त्याला जे कळलं तेच तुम्हाला म्हणायचं होतं का याची त्याला शंका असते. म्हणून वॉर्निंग वाचणं हे एरर वाचण्यापेक्षा अवघड काम आहे. एरर दुरुस्त करताना तुम्ही कंपायलरचं समाधान करता. वॉर्निंगच्या वेळी तुम्हाला स्वतःला विचारावं लागतं की बाबा रे, मला नक्की काय म्हणायचं होतं?

आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सर याबाबतीत माझ्याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, "पोरांना आधी चालणारा प्रोग्राम लिहू द्या हो, नाहीतर घाबरून सोडून देतील." पहिल्या सहामाहीपुरतं मला ते पटतं. पण तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टलाही तीच सूट दिली तर काय होतं, ते आता सांगते.

तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने पाण्याच्या टाकीची पातळी कळवणारं यंत्र प्रोजेक्टला घेतलं होतं. गच्चीवरच्या टाकीत सेन्सर, तिथून खाली संदेश येणार आणि खालचा ३२ बिटांचा छोटा कंट्रोलर तो वाचून पंप चालू-बंद करणार. संदेशाची रचना साधी होती. पहिल्या चार बाइटमध्ये पुढच्या मजकुराची लांबी, मग मजकूर. मुलगी हुशार आणि काळजी घेणारी. बाहेरून आलेल्या लांबीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने दोन तपासण्या घातल्या. कोडमध्ये नावं इंग्रजी लिपीत असतात, पण तर्क नीट दिसावा म्हणून इथे मराठीत लिहिते.

पहिली: सुरुवात + लांबी > शेवट असेल, तर संदेश फेकून दे.
दुसरी: सुरुवात + लांबी < सुरुवात असेल, तरीही फेकून दे.

दुसरी तपासणी कशाला, असं तुम्ही विचाराल. तिचं उत्तर तयार होतं. "मॅडम, लांबी खूपच मोठी आली तर बेरीज गोल फिरून मागे येईल ना? मग पहिली तपासणी फसेल. म्हणून दुसरी." अगदी बरोबर विचार. लांबीच्या चारही बाइटमध्ये सगळे बिट एक आले तर लांबी होते ४,२९,४९,६७,२९५. पॉइंटर ३२ बिटांचा असेल तर ही संख्या त्यात मिळवणं म्हणजे एक वजा करणं. बेरीज ‘सुरुवात’च्या एक घर मागे येऊन पडते. ती ‘शेवट’पेक्षा मोठी नाही, म्हणून पहिली तपासणी तिला सोडून देते. दुसरीने पकडायला हवं.

आणि नेमक्या त्या दुसऱ्या ओळीवर क्लँग कंपायलरने वॉर्निंग दिली की पॉइंटरची ही तुलना नेहमीच खोटी ठरते.

मित्रांनो, इथे थांबा आणि या वाक्याचा अर्थ लावा. नेहमीच खोटी म्हणजे त्या ‘इफ’च्या आतला भाग कधीच चालणार नाही. कधीच चालणार नसेल तर तो ठेवायचा कशाला? कंपायलरने तो काढून टाकला. फाइलमध्ये तपासणी दिसते, यंत्रात गेलेल्या कोडमध्ये ती नाही. दोन पहारेकरी नेमले, त्यातला एक फसतो म्हणून दुसरा ठेवला, आणि दुसऱ्याला कंपायलरने परस्पर घरी पाठवलं. वॉर्निंग आली म्हणून निदान कळलं तरी.

"पण मॅडम, हे तर चूक आहे कंपायलरची!" हे तिचं वाक्य. तुमचंही तेच असेल. तर आता जरा खोलात जाऊ.

आपल्याकडे सी शिकवताना एक उदाहरण हमखास असतं. इंटिजरमध्ये ३२७६७ ठेवा, त्यात एक मिळवा, उत्तर येतं उणे ३२७६८. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा असतो आणि तिथे हे खरोखर असंच येतं. स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो तसं, असं आपण सांगतो. मुलं वहीत लिहून घेतात. गाइडमध्येही छापलेलं असतं. अडचण अशी की हा सी भाषेचा नियम नाही. त्या संगणकावर त्या कंपायलरने तसं केलं, इतकंच.

सी भाषेचं प्रमाण १९८९ साली ठरलं. त्यात अनसाइन्ड संख्यांसाठी गोल फिरण्याचा नियम स्पष्ट आहे, तिथे काट्याचं उदाहरण शंभर टक्के लागू. पण साइन्ड इंटिजर मर्यादेबाहेर गेला तर काय होईल याबद्दल भाषा हात वर करते. याला अनडिफाइंड बिहेवियर म्हणतात. उत्तर ‘चुकीचं’ येईल असंही प्रमाण म्हणत नाही. अशा प्रोग्रामबद्दल मी काहीच हमी देत नाही, एवढंच म्हणतं. त्या काळी ऋण संख्या साठवण्याच्या पद्धती यंत्रागणिक वेगळ्या होत्या. काही यंत्रं गोल फिरत, काही थेट अडकून पडत. सगळ्यांना एकच वागणूक सक्तीची करण्यापेक्षा भाषेने तो प्रश्न मोकळा सोडला. आज जवळपास सगळी यंत्रं टूज कॉम्प्लिमेंटच वापरतात आणि सी २३ या नव्या प्रमाणाने ती पद्धत सक्तीचीही केली, पण साइन्ड ओव्हरफ्लो तिथेही अनडिफाइंडच राहिला.

का राहिला? कारण दरम्यान कंपायलरला त्या मोकळ्या जागेचा उपयोग सापडला होता. एक साधा लूप घ्या, ‘आय’ शून्यापासून ‘एन’पर्यंत, बरोबरसकट. ‘आय’ गोल फिरू शकतो असं मानलं तर ‘एन’ कमाल संख्येइतका असताना लूप कधीच संपणार नाही. मग कंपायलरला फेऱ्या किती हेही ठामपणे सांगता येत नाही. ‘आय’ कधी मर्यादा ओलांडत नाही असं गृहीत धरलं की फेऱ्यांची संख्या पक्की होते आणि लूप वेगवान करण्याच्या पुष्कळ युक्त्या लावता येतात. तुमचे प्रोग्राम आज झपाझप चालतात त्यात या गृहीतकाचाही वाटा आहे.

आता गंमत बघा. एक्स साइन्ड इंटिजर आहे आणि तुम्ही लिहिलं: एक्स + १०० < एक्स असेल तर ओव्हरफ्लो झाला. हेच समीकरण मी तुम्हाला दहावीच्या बीजगणितात दिलं असतं तर काय केलं असतं? दोन्ही बाजूंचा एक्स काटला असता. उरलं १०० < ०. हे खोटं. एक्स काहीही असो, खोटंच. कंपायलर नेमकं हेच करतो. तुम्ही प्रश्न यंत्राच्या भाषेत विचारलात, त्याने उत्तर बीजगणिताच्या भाषेत दिलं. आणि भाषेचं प्रमाण त्याच्या बाजूने आहे.

पॉइंटरचा नियम तर याहून कडक. समजा एका चाळीत ओळीने दहा खोल्या आहेत. अ‍ॅरे म्हणजे ती चाळ आणि पॉइंटर म्हणजे तुमचं बोट. बोट पहिल्या खोलीपासून दहावीपर्यंत कुठेही दाखवा. दहावीच्या लगेच पुढची जी मोकळी जागा आहे, तिच्याकडेही बोट दाखवायला परवानगी आहे, मात्र तिथे आत जायचं नाही. लूप कुठे थांबवायचा हे ठरवायला ती जागा उपयोगी पडते. त्यापलीकडे बोट नेणंच मना आहे. लक्षात घ्या, तिथलं काही वाचणं-लिहिणं तर लांबच राहिलं, नुसती बेरीज करून तो पत्ता तयार करणंही नियमाबाहेर आहे. चाळीच्या अलीकडेही तेच. पहिल्या खोलीच्या मागे बोट नेता येत नाही.

म्हणजे ‘सुरुवात + लांबी’ ही बेरीज कंपायलरने पाहिली की तो म्हणतो, प्रोग्रामरने ही बेरीज केली आहे त्या अर्थी ती चाळीच्या आतच असणार. लांबी अनसाइन्ड, म्हणजे ऋण नाही. तर मग बेरीज ‘सुरुवात’पेक्षा लहान कशी असेल? नाहीच. तपासणी खोटी. काढा.

आपल्या विद्यार्थिनीने आधी बेरीज केली आणि मग विचारलं, बेरीज बाहेर गेली का? बैल गेला अन् झोपा केला, तसं झालं हे. विचारेपर्यंत नियम मोडून झालेला असतो आणि नियम मोडल्यावर भाषा कुठल्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला बांधील नाही.

टर्बो सीमध्ये मात्र ही तपासणी चालून गेली असती, हे मुद्दाम सांगते. छोट्या मेमरी मॉडेलमध्ये तिथला पॉइंटर १६ बिटांचा, ६४ किलोबाइटच्या गल्लीत फिरणारा. गल्ली संपली की खरोखर पुन्हा पहिल्या घरापाशी यायचा, आणि तो कंपायलर फारशी चलाखीही करत नसे. अनेक जुन्या पुस्तकांतल्या आणि जुन्या सवयींतल्या तपासण्या अशा वातावरणात वाढल्या आहेत. त्या लिहिणारे अडाणी नव्हते. त्यांनी केलेल्या चाचणीत त्या पास झाल्या होत्या.

हा वाद जुना आहे. जानेवारी २००७ मध्ये जीसीसी कंपायलरच्या तक्रारवहीत एकाने नोंद केली की माझी ओव्हरफ्लोची तपासणी कंपायलरने उडवून लावली. जीसीसीच्या लोकांनी उत्तर दिलं की प्रमाण वाचा, साइन्ड ओव्हरफ्लो अनडिफाइंड आहे. पुढे बरीच गरमागरमी झाली. मग एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट या सुरक्षा केंद्राने १६२२८९ क्रमांकाची सूचना काढली. विषय होता, वर आपण पाहिलेलीच पॉइंटरची तुलना. जीसीसीच्या ४.२ आणि पुढच्या आवृत्त्या अशा काही तपासण्या गुपचूप टाकून देऊ शकतात, असं त्यात म्हटलं होतं. सुरुवातीला बोट फक्त जीसीसीकडे होतं. इतरही कंपायलर हेच करतात हे दाखवून दिल्यावर सूचनेचा मजकूर बदलावा लागला आणि ती एकूणच सी कंपायलरबद्दलची झाली.

मला विचाराल तर नियमाच्या बाबतीत कंपायलरवाल्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांचं मौन पटत नाही. त्या सूचनेतला ‘गुपचूप’ हाच शब्द मला महत्त्वाचा वाटतो. माझी ओळ काढलीस, ठीक आहे, तुझा हक्क आहे, पण सांगशील की नाही?

तर सांगतो, पण नेहमी नाही. जीसीसीत याच कामासाठी स्ट्रिक्ट ओव्हरफ्लो नावाची वॉर्निंग आली. तिच्या पाच पायऱ्या आहेत. आपण कमांडमध्ये डब्ल्यू-ऑल लिहितो तेव्हा नावात ‘ऑल’ असूनही त्यातली फक्त पहिली पायरी चालू होते. वरच्या पायऱ्या चालू केल्या तर वॉर्निंग्जचा असा पाऊस पडतो की खरी कुठली आणि खोटी कुठली ते कळेनासं होतं. शिवाय ही वॉर्निंग कंपायलरने त्या गृहीतकाचा प्रत्यक्ष वापर करून कोड बदलला तरच येते. म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असेल तर वॉर्निंग नाही, चालू केलं तर कदाचित. तीच गोष्ट कंपायलर बदलल्यावर. वरच्या पॉइंटरच्या तुलनेला नवा क्लँग स्पष्ट ‘नेहमीच खोटी’ म्हणतो. दुसरा एखादा कंपायलर ती तुलना वेगळ्या रूपात ठेवेल, तिसरा काढेल आणि चकार शब्द बोलणार नाही.

यात कंपायलरचा लबाडपणा नाही, हेही खरं. ‘आता मी सुरक्षेची तपासणी काढतोय’ असा विचार तो करतच नाही. शेकडो छोट्या पायऱ्यांमध्ये तो कोड सोपा करत जातो. एका पायरीवर एक फंक्शन दुसऱ्यात मिसळतं, पुढच्या पायरीवर मॅक्रो उलगडल्यामुळे आलेली एक निरर्थक अट गळते, त्याच्या पुढच्या पायरीवर आणखी एक. अशा हजारो अटी रोज गळतात आणि त्या गळायलाच हव्यात. त्यातल्या प्रत्येकीबद्दल त्याने तुम्हाला सांगायचं ठरवलं तर तुम्हीच वैतागून वॉर्निंग बंद कराल. म्हणून मी वर्गात सांगते, वॉर्निंग आली तर ती वाचाच, पण नाही आली याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा काढू नका.

हे फक्त विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये घडतं असंही नाही. लिनक्स कर्नलमध्ये २००९ साली असाच प्रकार उघड झाला. एका ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे नंतर तपासलं होतं. कंपायलर म्हणाला, वापरला आहे म्हणजे नल नसणारच, आणि तपासणी काढली. त्यातून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येतो हे एकाने करून दाखवलं. कर्नल आता या दोन्ही चलाख्या बंद करणारे पर्याय देऊनच कंपाइल होतो. २०१३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी अशा गळून पडणाऱ्या तपासण्या शोधणारं एक साधन बनवलं आणि नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये १६० नव्या चुका शोधल्या. त्या त्या प्रकल्पांच्या प्रोग्रामरनी त्या मान्य करून दुरुस्त केल्या.

आता मूळ प्रोजेक्टकडे वळू. वॉर्निंग दाखवल्यावर त्या मुलीने पहिल्यांदा काय केलं असेल? तुम्हीही करता तेच. कास्ट. पॉइंटरला पूर्णांकात कास्ट केलं, मग बेरीज, मग तुलना. वॉर्निंग गेली. अनसाइन्ड पूर्णांकात गोल फिरणं नियमात बसतं, त्यामुळे तपासणीही राहिली. इंटरनेटवर शोधलं तर हेच उत्तर सापडतं आणि ते चूक नाही. तरी मी तिला म्हटलं, "अगं, वॉर्निंग गप्प झाली, पण प्रश्न तोच राहिला. तुला पत्ता गोल फिरला का हे जाणून घ्यायचंय, की जागा पुरते का हे?"

जागा पुरते का, हेच विचारायचं होतं तिला. मग बेरीज करायचीच कशाला? वजाबाकी करा. शेवट − आत्ताची जागा = शिल्लक. लांबी > शिल्लक असेल तर संदेश फेकून द्या. बफर ६४ बाइटचा, त्यातले १० वाचून झाले, शिल्लक ५४. बाहेरून ४२९ कोटी लांबी येवो नाहीतर ५५ येवो, दोन्ही ५४ पेक्षा मोठ्या, दोन्ही बाहेर. वजा केलेले दोन्ही पॉइंटर एकाच चाळीतले, म्हणून वजाबाकी नियमात. गोल फिरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन ओळींच्या जागी एक ओळ, आणि ती काढून टाकण्याचं कंपायलरला काही कारणच उरत नाही.

तुमच्या अभ्यासक्रमात याचा सख्खा भाऊ आहे, बायनरी सर्च. मधली जागा काढायला आपण खालचा अधिक वरचा भागिले दोन असं लिहितो. टर्बो सीमध्ये खालचा २०००० आणि वरचा ३०००० घेऊन बघा. बेरीज ५०००० व्हायला हवी, १६ बिटांत ती उणे १५५३६ होते आणि मधली जागा येते उणे ७७६८! जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली लिहिलं की जावाच्या अधिकृत लायब्ररीत त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये हीच चूक नऊ-एक वर्षं राहिली होती. तिथे संख्या ३२ बिटांच्या, म्हणून २१४ कोटींच्या पुढे बेरीज गेल्याशिवाय ती दिसत नव्हती. उपाय तोच, वजाबाकीचा. खालचा + (वरचा − खालचा) / २. हे पाठ करू नका, कागदावर दोन उदाहरणं सोडवा म्हणजे आपोआप पटेल.

प्रोजेक्टच्या नव्या ओळीवर मात्र आणखी एक वॉर्निंग आली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! या वेळची सूचना होती, साइन्ड आणि अनसाइन्ड यांची तुलना होत आहे. दोन पॉइंटरची वजाबाकी साइन्ड असते, कारण ती ऋणही येऊ शकते. लांबी अनसाइन्ड. सीमध्ये ३२ बिटांच्या अशा दोन संख्यांची तुलना करताना साइन्डचं अनसाइन्डमध्ये रूपांतर होतं, आणि उणे एकचं होतं ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे उणे एक हा एकपेक्षा मोठा ठरतो. शिल्लक कधी ऋण आली, तर जागा नसताना ४२९ कोटी बाइट जागा आहे असं उत्तर मिळेल.

ही वॉर्निंग तिला विचारत होती की शिल्लक ऋण येऊ शकते का? कास्ट करून हिला गप्प करणं योग्य आहे, पण या प्रश्नाचं उत्तर दिल्यानंतर. ‘आत्ताची जागा’ कधीच ‘शेवट’च्या पुढे जाणार नाही याची खात्री कोडमध्ये कुठे आहे, ते मला दाखव, असं मी म्हटलं. तिने लूप वरपासून खालपर्यंत वाचला. चार बाइट लांबी वाचण्याआधी चार बाइट शिल्लक आहेत का, हे कुठेच विचारलेलं नव्हतं. संदेश अर्धवट तुटून आला असता तर आत्ताची जागा शेवटच्या पुढे गेली असती. ही चूक तिला किंवा मला चाचणीत दिसली नव्हती, कारण टेबलावर तार जोडून केलेल्या चाचणीत संदेश अर्धवट तुटतच नाही. गच्चीवर पावसात तुटतो. तिने ती तपासणी घातली, मगच कास्ट केलं, आणि वरती एका ओळीची टीप लिहिली. पॉइंटरबद्दलची एक वॉर्निंग नीट वाचायला बसलो म्हणून ही चूक सापडली.

पूर्णांकांच्या बेरजेलाही आधी विचारण्याची हीच रीत. ‘अ’ शून्य किंवा धन असेल तर अ + ब कमाल संख्येबाहेर जाईल का हे बघायला, ब हा (कमाल − अ) पेक्षा मोठा आहे का ते विचारा. ऋण संख्यांसाठी किमान संख्येशी तशीच तुलना करावी लागते आणि गुणाकाराला तर डोकं पिकतं. म्हणून जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीत, २०१५ साली, बेरीज करून ‘मावली की नाही’ हेही सांगणारी तयार फंक्शन्स आली. सी २३ मध्ये तीच सोय सीकेडी अ‍ॅड या नावाने प्रमाण भाषेत आली आहे. तुमच्याकडे नवा कंपायलर असेल तर खुशाल तेच वापरा.

अनसाइन्डला नियम स्पष्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हे जाता जाता. ३२ बिटांच्या यंत्रावर १,०७,३७,४१,८२५ पूर्णांकांसाठी मॅलॉकने जागा मागितलीत, प्रत्येकी ४ बाइट, तर गुणाकार गोल फिरून उरतो फक्त ४. मॅलॉक आनंदाने ४ बाइट देतो. सगळं कायदेशीर, एकही वॉर्निंग नाही, आणि प्रोग्राम मातीत. इथे कॅलॉक वापरा. संख्या आणि आकार वेगवेगळे दिल्याने चांगल्या लायब्ररीत गुणाकाराची तपासणी आतच होते.

आमचा एक माजी विद्यार्थी चाकणकडे गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. तो सांगत होता की त्यांच्याकडे वॉर्निंग हीच एरर. एक जरी असली तरी बिल्ड थांबतं. गाड्यांच्या क्षेत्रात सी कसं लिहावं याचे मिस्रा नावाचे नियम १९९८ पासून आहेत. पहिले सहा महिने याला त्याचा प्रचंड कंटाळा आला होता. हे वाचून घाबरू नका, पण कॉलेजात तीन वर्षं ‘चालतं’ म्हणायची सवय लागलेल्या मुलाला तिथे किती जड जात असेल याचा विचार करा.

आता काम. टर्बो सीवर हे दिसणार नाही, त्यामुळे लिनक्सच्या संगणकावर बसा. एक फंक्शन लिहा. एका ओळीत वाय = एक्स + १००, पुढच्या ओळीत वाय < एक्स असेल तर एक परत कर, नाहीतर शून्य. बेरीज आणि तुलना मुद्दाम दोन ओळींत ठेवा. हे एकदा ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, एकदा ओ-२ देऊन कंपाइल करा, आणि दोन्ही वेळा एस पर्याय देऊन असेंब्लीची फाइल काढा. दुसऱ्या फाइलमध्ये तुलनेची सूचना सापडते का ते शोधा. मग एफ-रॅप-व्ही पर्याय देऊन तिसऱ्यांदा करा आणि काय परत आलं ते लिहा. चौथ्यांदा सॅनिटाइज अनडिफाइंड पर्याय लावून, एक्सला २,१४,७४,८३,६४७ देऊन प्रोग्राम चालवा. कंपायलर जे सांगत नव्हता ते आता प्रोग्राम चालताना ओळ क्रमांकासकट पडद्यावर येईल. चारही निकाल जर्नलमध्ये चिकटवा. सही करताना मी तुम्हाला दुसऱ्या फाइलबद्दलच विचारणार आहे.